मोडता येणारा नेम

येशूचा प्रेषित पौल कैसरियात कैदेत होता तेव्हाची गोष्ट. रोमी सुभेदार फेलिक्स आपली बायको द्रुसिल्ला हिला घेऊन आला आणि त्याने पौलाला बोलावून घेतलं. द्रुसिल्ला यहूदी होती. येशूवरच्या विश्वासाची ही काय नवी भानगड आहे ते जरा ऐकून घेऊ, असा बेत असावा. पौलाने विषय काढले ते तीन : नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढे होणारा न्याय. आता ही द्रुसिल्ला आधी एमेसाच्या राजाची बायको होती आणि फेलिक्सने मध्यस्थ घालून तिला तिथून फोडलं होतं, असं त्याच शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो. अशा जोडप्यासमोर, तेही ज्याच्या एका शब्दावर आपली सुटका अडली आहे त्याच्यासमोर, इंद्रियदमनावर बोलायचं! दुसरा कुणी असता तर प्रीतीवर चार गोड वाक्यं बोलून वेळ मारून नेली असती. फेलिक्स घाबरला. "सध्या जा, सवड सापडली की बोलावीन," असं म्हणून त्याने विषय मिटवला.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 24व्या अध्यायातलं पुढचं वाक्य आपण घाईत वाचून जातो. फेलिक्सला सवड सापडत होती. तो पौलाला वरचेवर बोलावून घ्यायचा, त्याच्याशी बोलत बसायचा. काही पैसे सुटतील अशी आशा होती. असं दोन वर्षं चाललं. वेळ होता, सांगणारा हाताशी होता, ऐकायला हरकत नव्हती. पहिल्या दिवशी जे टोचलं त्यावर काही करायचं तेवढं राहून गेलं.

हा सुभेदार मला फार ओळखीचा वाटतो. आत्मसंयमाबद्दल ऐकायचा आम्हां ख्रिस्ती लोकांना कधी कंटाळा येत नाही. त्यावर संदेश होतात, शिबिरं होतात, वर्षाच्या सुरुवातीला बायबल वाचनाचे तक्ते वाटले जातात. उत्पत्ती उत्साहात पार पडतं, निर्गमही निभावतं आणि लेवीयमध्ये बरेच जण गळतात. मग कुणीतरी म्हणतं, "अहो, आपण कृपेखाली आहोत, नियमशास्त्राखाली नाही." वाक्य शंभर टक्के खरं आहे. फक्त ते नेहमी गजर बंद करतानाच का आठवतं, हा प्रश्न उरतो. ज्या गलतीकरांस पत्रात पौल नियमशास्त्राच्या जोखडावर सगळ्यात जास्त तुटून पडला आहे, त्याच पत्रात आत्म्याच्या फळाची यादी आहे. ती प्रीतीने सुरू होते आणि इंद्रियदमनावर संपते. लिहिणाऱ्याला दोन्हींत काही भांडण दिसलेलं नाही.

माझी अडचण वेगळीच आहे. शिस्त काय, कुणालाही असते. खेळाडूला असते, सैनिकाला असते, रोज पहाटे रियाज करणाऱ्या गायकाला असते, आणि खरं सांगायचं तर आपल्यापेक्षा कितीतरी चोख असते. देवावर काडीचा विश्वास नसलेला माणूस पहाटे चारला उठून, मोजकं खाऊन, राग गिळून, वक्तशीर आयुष्य जगू शकतो. मग ख्रिस्ती संयमात ख्रिस्ती ते काय? प्रार्थनेने सुरुवात केली म्हणून तो ख्रिस्ती झाला का?

पौलालाही खेळाडूच आठवले होते. करिंथ शहरात तो दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरलं. तिथे गल्लियो नावाच्या अधिपतीसमोर त्याला उभं केलं गेलं, आणि डेल्फीला सापडलेल्या एका शिलालेखामुळे त्या गल्लियोचा काळ इसवी सन 51–52च्या आसपासचा ठरतो. करिंथजवळच इस्थमियाला दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. पौलाने ते प्रत्यक्ष पाहिले की नाही, शास्त्रात लिहिलेलं नाही. पण करिंथकरांना ते सांगायची गरज नव्हती. जिंकणाऱ्याला मिळायचा तो पानांचा मुकुट. कधी पाइनच्या पानांचा, कधी चक्क सुकलेल्या सेलरीचा. ऑलिंपियाच्या खेळाडूंना तर आपण सलग 10 महिने नियमाने सराव केला आहे अशी शपथ घ्यावी लागे, असं दुसऱ्या शतकातला प्रवासी लेखक पौसानियस सांगतो. एवढं सगळं कोमेजणाऱ्या मुकुटासाठी. आपण तर न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी धावतो, असं पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात 9व्या अध्यायाच्या शेवटी लिहितो. मी माझं शरीर कुदलतो, त्याला दास करून ठेवतो, हेही तिथलंच.

या चार वचनांवर किती संदेश ऐकले असतील, त्याला गणती नाही. तरुणांच्या शिबिरात तर हमखास. पण ही वचनं जिथे येतात तिथलं मागचंपुढचं कुणी वाचून दाखवत नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. 8व्या अध्यायात वाद चालू आहे मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा. ते खायला काही हरकत नाही असं पौलाचं स्वतःचं मत आहे. तरीही, माझ्या खाण्याने एखादा दुबळ्या मनाचा भाऊ अडखळणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असं तो म्हणतो. 9व्या अध्यायात तो आपले हक्क एकेक करून मोजतो : सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर पोट भरावं हा हक्क, बायको बरोबर घेऊन फिरण्याचा हक्क. आणि सांगतो की यातला एकही मी वापरला नाही. यहूद्यांसाठी यहूदी झालो, दुबळ्यांसाठी दुबळा झालो. एवढं झाल्यावर मग तो खेळाडू येतो. म्हणजे पौल जे शरीर कुदलतोय ते स्वतःला घडवायला नव्हेच. दुसऱ्यासाठी हक्क सोडायची वेळ येईल तेव्हा अंग कुरकुरू नये, यासाठीचा तो सराव आहे. मैदानावर धावणाऱ्याला बाकीच्यांना हरवायचं असतं. पौलाला बाकीच्यांना बरोबर न्यायचं आहे. त्याची उपमा इथे जरा लंगडते, आणि मला ती लंगडते म्हणूनच आवडते.

याच्या उलट टोकाला लूकच्या 18व्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस. आपण त्याला ढोंगी म्हणून मोकळे होतो. पण गोष्ट नीट वाचली तर तो खोटं बोलत नाहीये. आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणतो, तो खरोखर करत असणार. मिळेल त्याचा दशांश देतो म्हणतो, तो देत असणार. आजच्या कुठल्याही मंडळीत असा माणूस दोन महिन्यांत पंच कमिटीवर घेतला जाईल. त्याचं बिघडलं ते संयमात अपयश आलं म्हणून नाही. त्याला यश आलं, आणि ते यश घेऊन तो शेजारच्या जकातदाराकडे पाहायला लागला.

सुरुवातीच्या मंडळीलाही हे कळत होतं, पण उपाय कधी कधी मजेशीर असायचे. डिडाखे नावाचं एक फार जुनं ख्रिस्ती लिखाण आहे; 1873 साली त्याची हस्तलिखित प्रत कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली आणि 10 वर्षांनी ती छापून निघाली. त्यात उपासाबद्दल सांगितलंय की ढोंग्यांबरोबर उपास करू नका. ते सोमवारी आणि गुरुवारी करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. झालं! वार बदलले, ढोंग गेलं! मला हे वाचून दरवेळी हसू येतं, आणि मग मोबाइल हातात घेतल्यावर हसू थांबतं. बायबलच्या अॅपवर आपण सलग किती दिवस वचन वाचलं याचा आकडा दिसतो. तो तुटू नये म्हणून लोक रात्री बारा वाजायच्या आत डोळे चोळत एखादं स्तोत्र उघडतात आणि खाली सरकवून बंद करतात. स्तोत्रकर्ता काय म्हणाला ते सकाळी विचारू नये. आकडा मात्र शाबूत.

येशूने यावर जो उपाय सांगितला तो वार बदलण्याइतका सोपा नाही. उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे तू उपाशी आहेस हे माणसांना कळू नये. आपला संयम कुणाला दिसणार नाही याचीही तजवीज आपणच करायची. लोकांना दिसणारा उपास एक वेळ जमतो. ज्याबद्दल कुणी विचारणार नाही, कुणी "वा" म्हणणार नाही, असा उपास दुपारपर्यंतसुद्धा रेटणं कठीण असतं.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या संन्याशांनी या सगळ्याचा जेवढा बारीक अभ्यास केला तेवढा नंतर क्वचितच कुणी केला असेल. त्यांच्यातला एवाग्रियुस (345–399) हा मनात येणाऱ्या दुष्ट विचारांचे आठ प्रकार सांगतो. खादाडपणापासून यादी सुरू होते. शेवटी येतात पोकळ मोठेपणा आणि गर्व, कारण बाकीच्यांना हरवत आणलं की हे दोघे हजर होतात. मोठेपणाच्या विचारातून सुटणं अवघड आहे, असंही तो लिहून ठेवतो. त्याला हाकलायला जे करावं तेच नव्या मोठेपणाचं कारण होतं. मी किती नम्र आहे पाहा! स्वतःच्या मनाकडे इतकं सरळ पाहणारी माणसं वाचली की बरं वाटतं. निदान हा रोग जुना आहे.

त्याच एवाग्रियुसने दुपारच्या कंटाळ्याचं जे वर्णन केलंय ते तर आजच सकाळी लिहिल्यासारखं आहे. संन्यासी खोलीत बसला आहे. सूर्य जागचा हलत नाही असं त्याला वाटतं, दिवस 50 तासांचा वाटतो. सारखा खिडकीकडे बघतो, उठून बाहेर डोकावतो, जेवणाच्या वेळेला, म्हणजे नवव्या तासाला (दुपारी तीनच्या सुमाराला), अजून किती अवकाश आहे ते बघतो. कुणी भाऊबंद येतोय का तेही बघतो. मग वाटायला लागतं की ही जागाच वाईट, इथल्या लोकांत प्रेमच उरलेलं नाही, देवाला तर कुठेही भजता येतं. खिडकीच्या जागी फोन ठेवा. बाकी एका शब्दाचा फरक करायला लागत नाही.

अशा वेळी वाळवंटातले वडीलधारे एकच सांगायचे : खोली सोडू नकोस. बसून राहा. प्रार्थना जमत नसेल तरी बस, काहीतरी हातकाम कर, पण बस. माझ्या अनुभवाने ख्रिस्ती संयमाचा ऐंशी टक्के भाग एवढाच असतो, आणि त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. साक्ष द्यायला उभं राहून "मी बसून राहिलो" एवढंच सांगितलं तर मंडळी चुळबुळ करेल.

पण मला खरी पकडून ठेवते ती जॉन कॅशियनने सांगितलेली हकिगत. कॅशियन आणि त्याचा मित्र जर्मानुस हे इजिप्तच्या या संन्याशांना भेटायला गेले. तिथली कडक उपासाची ख्याती ऐकून गेले होते. पण जातील तिथे त्यांच्यासाठी उपास सोडला जायचा आणि जेवायला वाढलं जायचं. शेवटी त्यांनी एका वृद्धाला विचारलं, की तुम्ही इतक्या सहज उपास कसा मोडता? त्याने दिलेलं उत्तर असं की उपास तर नेहमीच माझ्याजवळ आहे, तुम्हाला मात्र मी नेहमी जवळ ठेवू शकत नाही. तुमच्या रूपाने ख्रिस्त आला आहे, त्याला जेवू घालायचं की नाही? तुम्ही गेलात की उपास पुन्हा धरीन.

हे वाचलं तेव्हा मला माझे पप्पा आठवले. सकाळी ते बायबल मोठ्याने वाचत, बोट ओळीखाली ठेवून, वाक्य संपल्यावर थोडं थांबून. मधे बोललेलं त्यांना खपत नसे. घरात आम्ही दबक्या पावलांनी फिरायचो. पण शेजारचा कुणी दारात येऊन उभा राहिला, बहुतेक वेळा एखादा अर्ज भरून घ्यायला, की ते लगेच चष्मा काढून खूण म्हणून पानांत ठेवत आणि बायबल मिटत. मग अर्ज हातात घेतल्यावर तोच चष्मा लागे, म्हणून बायबल पुन्हा उघडत. हा प्रकार वर्षानुवर्षं चालला, दुसरी खूण त्यांना कधी सुचली नाही. "जरा थांबा, प्रार्थना चालली आहे," असं त्यांनी आलेल्या माणसाला म्हटल्याचं मला आठवत नाही. आम्हाला मात्र म्हणत. एकदा मी विचारलं, "पप्पा, आम्ही मधे बोललो तर रागावता, आणि ते आले तर लगेच उठता?" ते म्हणाले, "तुम्ही कंटाळा आला म्हणून बोलता. त्याला काम आहे."

यात माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं, पण ते कळायला मला बराच काळ लागला. नेम पक्का असावा, आणि कुणासाठी तरी तो मोडता यावा. जो मोडताच येत नाही तो नेम हळूहळू देवाच्या जागी जाऊन बसतो. शब्बाथावरून, म्हणजे यहूद्यांच्या विश्रांतीच्या वारावरून, येशूचे जेवढे वाद झाले ते सगळे या एका मुद्द्यावर झालेले आहेत. वाळलेल्या हाताचा माणूस समोर उभा आहे, आणि बघणाऱ्यांचं लक्ष आज कोणता वार आहे याकडे.

मंडळीच्या दिनदर्शिकेतही ही सोय मुळातच करून ठेवलेली आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस मोजले तर 46 भरतात. आपण म्हणतो लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, 40 दिवस. मधले 6 रविवार त्यात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा. निकायाच्या धर्मसभेने तर 325 साली ठरवून टाकलं की रविवारी गुडघे टेकायचे नाहीत, उभं राहून प्रार्थना करायची. उपासाच्या ऐन मध्यावर आनंद करायची सक्ती! काही भाविक मंडळींना हे सहन होत नाही; ती रविवारीही उपास चालू ठेवतात आणि वर सांगतात.

आता इथे फेलिक्स पुन्हा डोकं वर काढणार, हे मला ठाऊक आहे. नेम मोडता यायला हवा म्हटलं की मोडायची कारणं धावून येतात. आणि वाळवंटातले लोक इथेही आपल्या पुढे आहेत. कॅशियनच लिहितो की कंटाळ्याचा हा विचार संन्याशाला सरळ "झोप" म्हणत नाही. तो म्हणतो, अमका आजारी आहे, त्याला भेटून ये. तमकी बाई एकटी आहे, तिला कुणाचा आधार नाही, तिच्याकडे जाणं हे तर पुण्यकर्म. खोलीतून बाहेर पडायला प्रीतीचंच कारण देतो! म्हणजे पाहुण्यासाठी उपास सोडणारा वृद्ध आणि कंटाळून आजाऱ्याला भेटायला निघालेला तरुण, बाहेरून दोघे सारखेच दिसतात.

फरक कसा ओळखायचा? पप्पांच्या वाक्यात एक खूण आहे : ते उठत ते कुणी दारात आल्यावर, कुणी येतंय का हे बघायला नव्हे. पण एवढ्याने भागत नाही, कारण स्वतःच्या मनाचा पंच स्वतः होणं ही मोठी फसवी गोष्ट आहे. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मोंते कासिनोच्या मठासाठी जी नियमावली लिहिली तिच्यात यावर एक साधी तोड आहे. लेंटमध्ये प्रत्येकाने आपल्या मनाने काही जास्तीचं सोडावं : थोडं अन्न, थोडी झोप, थोडी बडबड, थोडी थट्टा. पण काय सोडणार ते आधी मठाच्या वडिलांना सांगावं आणि त्यांच्या संमतीने करावं. न विचारता केलेलं ते आगाऊपणात आणि मोठेपणात जमा होईल, त्याचं फळ नाही. मला पूर्वी हे जरा जाचक वाटायचं. माझा उपास, माझा देव, मधे हे कोण? आता वाटतं की आपण किती उपास करतो हे चारचौघांना सांगणं आणि एका जाणत्या माणसाला सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो माणूस "हे नको करूस" असंही म्हणू शकतो.

म्हणूनच शिमोन स्तंभवासीची कथा मला उगाच विक्षिप्त वाटत नाही. हा सिरियातला संन्यासी पाचव्या शतकात एका खांबावर जाऊन राहिला आणि 35हून अधिक वर्षं, 459 साली मरेपर्यंत, तिथेच राहिला. त्याआधी अतिरेकी देहदंडामुळे त्याला एका मठातून बाहेर पडावं लागलं होतं. खांबाची बातमी पसरली तेव्हा वाळवंटातल्या वडिलांनी म्हणे निरोप्या पाठवला : त्याला सांगा, खाली उतर. नाही म्हणाला तर ओढून काढा. उतरायला पाय पुढे केला तर राहू द्या. शिमोनने निरोप ऐकला आणि पाय पुढे केला. मग ते म्हणाले, राहा. एवढ्या उंच खांबाची परीक्षा त्यांनी उंचीवरून घेतली नाही.

अर्थात या सगळ्याच्या मुळाशी एक जुनं भांडण आहे, संयम देवाच्या कृपेने येतो की माणसाच्या प्रयत्नाने, ते टाळून पुढे जाता येत नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टिन आपल्या आत्मकथनाच्या 10व्या भागात देहाच्या संयमाबद्दल देवाशी बोलताना म्हणतो, तू जे सांगतोस ते करायला तूच दे, आणि मग हवं ते सांग. हे वाक्य रोममध्ये पेलागियुस नावाच्या कडक उपदेशकाच्या कानावर पडलं तेव्हा तो भडकला. त्याचा राग अगदीच अनाठायी नव्हता. त्याच्या आजूबाजूला नावापुरते ख्रिस्ती झालेले ऐदी लोक होते, आणि देव देईल तेव्हा संयम येईल म्हणणाऱ्यांना तो कंटाळला होता. आज तो आमच्या सभेत आला तर त्याला भरपूर टाळ्या मिळतील. मंडळीने शेवटी बाजू घेतली ती ऑगस्टिनची, आणि मीही तिथेच उभा आहे. पण पेलागियुसने ज्यांच्याकडे बोट दाखवलं ते ऐदी लोक अजून रांगेत आहेत, हे मान्य करूनच.

अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याच्यात हे दोघे एकाच माणसात भेटतात. ऑक्सफर्डला असताना त्याच्या टोळक्याचं वेळापत्रक इतकं काटेकोर होतं की लोकांनी चेष्टेने 'मेथडिस्ट' हे नाव पाडलं. पहाटे उठणं, बुधवार-शुक्रवारचा उपास, तुरुंगातल्या कैद्यांना भेटी, सगळं घड्याळावर. आणि इतकं करून आत धाकधूक. 24 मे 1738 रोजी लंडनमधल्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेत कुणीतरी रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. ती ऐकता ऐकता त्याला पहिल्यांदा कळलं की ख्रिस्ताने आपली पापं, आपलीसुद्धा, काढून घेतली आहेत. पुढे काय झालं, तर वेस्ली पहाटे उठायचा थांबला नाही. पुढची कित्येक वर्षं तो पहाटे पाचला उपदेश करत होता. वेळापत्रक जवळपास तेच. आधी ते देवाने आपल्याला घ्यावं म्हणून होतं. नंतर, घेतलंच आहे, आता कामाला लागू, म्हणून होतं. तीताला लिहिलेल्या पत्रात पौलाने हेच लिहिलंय की देवाची कृपा प्रकट झाली आहे आणि ती आपल्याला शिकवते, अभक्ती आणि ऐहिक वासना सोडून मर्यादेने वागायला. शिकवणारी ती कृपा. वर्गात बसायला मात्र आपल्याला जावं लागतं.

उपासाबद्दल एक राहिलंच. यशयाच्या 58व्या अध्यायात लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला, तू पाहिलं कसं नाहीस? देव म्हणतो, पाहिलं की. उपासाच्या दिवशी तुम्ही भांडता, गुद्दे मारता, कामकऱ्यांना राबवून घेता. हे घरोघरी पडताळून पाहता येतं. उपास करणाऱ्या माणसाचा आवाज साधारण अकराच्या सुमाराला चढतो. चहा का झाला नाही यावरून नव्हे, कारण चहा त्याने सोडलेला असतो. टॉवेल जागेवर का नाही यावरून. याकोब जिभेबद्दल जे लिहितो ते अशा दिवशी वाचावं. पोटाला आवर घालायला तीन तास पुरतात, जिभेला घालायला आयुष्य कमी पडतं, आणि तरीही लेंटमध्ये काय सोडणार असं विचारलं की सगळे खाण्याचेच पदार्थ सांगतात. टोमणे सोडतो म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. त्याला भेटल्यावर मी आधी त्याच्या बायकोला विचारीन.

बेनेडिक्टच्या नियमावलीत मला सगळ्यात आवडतात ती झोपेबद्दलची कलमं. हा माणूस माणसं ओळखून होता. पहाटेच्या प्रार्थनेत सुरुवातीचं एक स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावं असं तो सांगतो, म्हणजे उशीर झालेल्यांना पोहोचायला वेळ मिळेल. त्यानंतरही कुणी आलाच तर त्याला शेवटच्या जागी उभं करावं, पण आत घ्यावं. बाहेर ठेवला तर तो जाऊन पुन्हा झोपेल किंवा गप्पा मारत बसेल. आणि 22व्या कलमात म्हणतो, उठल्यावर भावांनी एकमेकांना हळूच उत्तेजन द्यावं, कारण झोपाळू लोकांना सबबी फार सुचतात.

आम्ही तिघे मित्र सध्या या 22व्या कलमावर चाललो आहोत. पहाटे एकाने दोघांना फोन करायचा, पाळी बदलत राहते. ज्याला फोन जातो तो "उठलोय, केव्हाचा उठलोय" म्हणतो, आणि आवाज सरळ पांघरुणातून येत असतो. त्यावर आमच्यातल्या सगळ्यात वयस्कराने युक्ती काढली आहे. तो वाद घालत नाही. "बरं झालं," म्हणतो, "मग स्तोत्र तूच सुरू कर."